सहीपुरती अक्का

लातूर,
१२ एप्रिल २०२५

चि. मन्मथ यास,
अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, असं पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ऊन मी म्हणतंय. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि तेही आपल्या बोळाच्या तोंडाशी येऊन दमतं. तुम्ही आता नांदेडकर झालात, गोदावरीच्या काठी राहता, तुम्हाला हे सांगून काय उपयोग. तुझ्या वर्षाराणीच्या कंबरेला आराम पडला का? शिवांश बोबडं बोलायचा थांबला असेल. आपल्याला लातुरात एक आत्याआजी आहे, हे त्या लेकराला कुणी सांगितलंय का, ते मात्र मला ठाऊक नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज टाकला की जोडलेल्या हातांचं चित्र येतं. मत मागायला निघाल्यासारखे ते हात बघून एवढा वैताग आला की शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजी, खरंच पत्र लिहिणार?" म्हटलं, हो बाई, माझा भाऊ मोठा माणूस झालाय, त्याच्याशी बोलायचं तर आता कागदच लागतो.

तुमच्या 'शिवांश स्काय सिटी'चं रंगीत पुस्तक मिळालं. घरोघरी टाकून गेली तुमची माणसं. कागद इतका गुळगुळीत की समोरच्या ताहेरच्या बायकोनं, हसीनानं, तो लगेच मसाल्याच्या फळीवर अंथरला. मी मात्र चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचला. सात इमारती, प्रत्येकी बावीस मजले. मध्ये तळं आणि तळ्यात बदकं. ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं त्या गावात तुझ्या पुण्याच्या भागीदारानं बदकं सोडली आहेत! गॅलरीत एक गोरी बाई कॉफी पितेय. ही बाई लातुरात कुठल्या गल्लीत राहते, ते एकदा विचारून कळव. क्लासेसच्या पोरांसाठी दोन इमारती वेगळ्या. एक कॉट, एक टेबल आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची भिंत. डॉक्टर व्हायला आलेल्या लेकरांची तुम्ही खुराड्यात सोय केली आहे आणि खाली छापलंय 'शैक्षणिक योगदान'. आणि या सगळ्याला नाव कुणाचं, तर ज्याला अजून स्वतःच्या चड्डीचं बटण लावता येत नाही त्या नातवाचं. याच जागेवर आपल्या अप्पांनी आयुष्यभर करडई गाळली, पण तेलाच्या मिलवर स्वतःचं नाव कधी लावलं नाही. लोकच म्हणायचे, संगप्पाची मिल.

आपला बोळ अठरा फुटांचा आहे, हे पुस्तकात कुठे नाही. परवा बोळात रुग्णवाहिका आली तर ताहेरला त्याचं मोटर वायंडिंगचं टेबल उचलून आत घ्यावं लागलं. त्या वाटेनं हजारभर कुटुंबं गाड्या घेऊन जाणार म्हणे. मिलच्या विहिरीच्या जागी हिरवळ दाखवली आहे. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात अप्पांनी त्या विहिरीला मोटर बसवून बोळातल्या घराघरात नळी दिली होती. ताहेरनंच बसवली ती मोटर, आणि आजही ती त्याच्याच हातानं चालते. तू त्या उन्हाळ्यात नांदेडला घर बांधत होतास, म्हणून तुला आठवत नसेल.

बोळानं एक बचाव समिती काढली आहे. अध्यक्ष सिद्रामप्पा, आपले किराणावाले. समितीची पहिली बैठक त्यांच्या दुकानात झाली आणि पहिला ठराव काय, तर मिलच्या फाटकाशी एक देवाची मूर्ती बसवायची, म्हणजे कुणी पाडायला धजणार नाही. मी म्हटलं, बिल्डर उलट खूश होईल, पुढच्या पुस्तकात 'आवारात मंदिर' म्हणून छापेल. तो ठराव तिथेच बारगळला. या शहाण्यांच्या जिवावर बोळ वाचायचा म्हणजे कठीणच आहे. तरी महानगरपालिकेत हरकती दिल्या. त्या मीच लिहिल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर इतकं सलग लिहिलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. तुझ्या वकिलाचा माणूस हक्कसोडीचे कागद घेऊन आला होता. अप्पांच्या मागे मालमत्ता पत्रकावर तुझं नाव लागलं आणि त्याखाली माझं. तेव्हा तू म्हणाला होतास, अक्का काय, आपलीच आहे. आता पुण्याच्या माणसानं कागद तपासले तेव्हा तुला कळलं की ही आपली अक्का निम्म्याची मालकीण आहे आणि तिच्या सहीशिवाय तुमची वीटही हलत नाही. त्या माणसानं कुठे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुल्या मारून आणल्या होत्या. अंगठेबहाद्दर बाईला दाखवतात तशा. मी छत्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं रे!

कागद मी ठेवून घेतले आहेत. सही केलेली नाही.

नकाशात मागच्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडापाशी, पोहण्याचा तलाव दाखवला आहे. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. तो कोपरा काय आहे, ते तुला माहीत आहे. भागीदाराला सांगितलं आहेस की नाही, तेवढं एका ओळीनं कळव.

तुझी,
अक्का


लातूर,
२ मे २०२५

चि. मन्मथ,

उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी आमंत्रणपत्रिका आली, सोनेरी अक्षरांची. भूमिपूजनाची. परवानगी हातात नाही, हरकतींची सुनावणी व्हायची आहे, आणि तुम्ही नारळ फोडायला निघालात. दिवसही कोणता निवडलास, बसवजयंतीचा! गावात एकीकडे बसवण्णांची मिरवणूक निघाली होती आणि मिलमध्ये डीजे लागला होता. अक्षय्य तृतीया म्हणून तुझ्या भागीदाराला तो दिवस आवडला असेल. तुला दुसरं काही आठवलं नाही का?

मी येणार नव्हते. हसीनाच म्हणाली, "चलो आपा, देखके तो आते. अपने घर के सामने तमाशा है, टिकट थोडीच है." गेलो दोघी. मागे उभ्या राहिलो, जिथे पूर्वी पेंडीची पोती रचायचे तिथे. तू मला पाहिलंस. मग मोबाईल कानाला लावलास. मोबाईल उलटा धरला होतास, एवढ्या लांबूनही दिसलं मला.

काय थाट होता! वर ते यंत्र घिरट्या घालत चित्रीकरण करत होतं आणि त्याच्या वाऱ्यानं पुढाऱ्यांचे फेटे उडत होते. पुण्याचे शेठ गॉगल लावून म्हणाले की त्यांना लातूरच्या मातीशी नातं जोडायचं आहे. मातीला हात लावायची वेळ आली तेव्हा रुमालात घमेलं धरलं त्यांनी. आणि व्यासपीठावर डावीकडून तिसरे कोण बसलेत म्हणून बघते तर आमचे बचाव समितीचे अध्यक्ष! गुलाबी फेटा बांधून, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून, लग्नात नवरीच्या बापानं बसावं तसे. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारलं, तर साखर तोलता तोलता म्हणतात, "बाई, इकासाला कामून आडवं यावं? लई मोठं काम व्हायलंय. आन् खालच्या मजल्यावरचं दुकान मी मागितलं न्हाई, त्यायनीच देऊ केलं." मी साखर तिथेच ठेवून आले. आता बोळात माझी साखरही दुसऱ्या गल्लीतून येते, म्हणजे तुमच्या विकासाचा माझ्यावर पहिला परिणाम झाला म्हणायचा.

इतकं सगळं लिहिलं. जे लिहायला बसले होते ते अजून लिहिलं नाही.

व्यासपीठ लिंबाखाली टाकलं होतं. पुण्याच्या मांडववाल्यांना काय माहीत, त्यांना सावली दिसली, सपाट जागा दिसली. पण तू तिथे होतास. पुढारी बूट घालून वर चढले, शेठ बूट घालून चढले, सिद्रामप्पा नव्या चपला करकरवत चढले. तू एकटा पायरीशी थांबलास, वाकलास आणि बूट काढून अनवाणी वर गेलास. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "बघा, किती भाविक माणूस हाय."

मी हसीनाचा हात धरला. तिला काही सांगावं लागलं नाही. आपली आई गेली आणि अव्वाला लिंगायत रीतीनं तिथे मातीत बसवलं, तेव्हा हसीना बोळातल्या सगळ्या बायकांबरोबर आली होती. अजून वावर होतं ते. आपली जमीन, आपल्या माणसाला आपल्या जमिनीत जागा द्यायची, म्हणून अप्पांनी ती जागा निवडली. अव्वा आडवी नाही निजलेली, मन्मथ. ती बसलेली आहे. पद्मासनात, तळहातावर इष्टलिंग, कपाळावर तूच लावलेली विभूती. जंगमस्वामींनी बेलपत्र वाहायला सांगितलं तेव्हा तुझ्या ओंजळीतून पानं गळायला लागली आणि ती मी खालून हात लावून धरली. तिच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा उभा करून तुम्ही भाषणं केलीत आणि शेवटी टाळ्या वाजवल्यात.

तू विसरला असतास तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. विसरणाऱ्या माणसाला कीव करून सोडून देता येतं. पण तुला जागा वीतभरही चुकली नाही. माहीत असून चढलास. बूट काढले की झालं, असं वाटलं तुला?

काल फाटकावरच्या राखणदाराला, मारोतीला गाठलं. अव्वाच्या समाधीवरचा दगड कुठे गेला म्हणून विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "आक्का, आठ दिस झाले. सायबांनी सोता उचलून गाडीत ठिवला. देवघरात बसवतो म्हनले." म्हणजे अव्वाला नांदेडला नेल्याचं समाधान तू विकत घेतलंस. दगड नेलास रे. अव्वा इथेच आहे.

समितीच्या उरलेल्या लोकांनी मला विचारलं, ही गोष्ट पेपरात देऊ का, बातमी मोठी होईल. मी नाही म्हटलं. उद्या कुणी तिथे झेंडा लावेल, परवा आरती सुरू होईल, आणि माझ्या साध्या आईचं जागृत देवस्थान करून ठेवतील. सिद्रामप्पाच नारळ विकतील.

कागद अजून माझ्याकडेच आहेत. पेन्सिलीच्या फुल्या खोडरबरानं पुसून टाकल्या आहेत.

अक्का


लातूर,
३० जुलै २०२५

मन्मथ,

काल तू माझ्या दारातून गेलास तेव्हा "विचार करून लेखी कळवते" असं म्हटलं होतं. विचार करायला फार वेळ लागला नाही. लेखी कळवते आहे.

आधी तुला न सांगितलेली एक गोष्ट. तुझी गाडी बोळात शिरली तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पंचमीला भाऊ न्यायला येतो, इतकी वर्षं तुझा ड्रायव्हरसुद्धा आला नव्हता, आणि काल तू स्वतः आलास, हातात पिशवी घेऊन. गाडी अडकली म्हणून ताहेरनं टेबल आत घेतलं, तर त्याला तू सलामही केला नाहीस, तरी मी तिकडे काणाडोळा केला. पुरणाची दिंडं केली होतीच. तू तीन खाल्लीस. तूप वाढताना तुझ्या टाळूवरचे केस किती विरळ झालेत ते दिसलं. वाटलं, गेलं खड्ड्यात ते सगळं, हा माझा भाऊ आहे, जेवतोय.

सुनावणीचं मी सांगत होते ते तू ऐकत नव्हतास, म्हणून पुन्हा लिहिते. तुझा वकील म्हणाला की विरोध करणारे विकासाचे शत्रू आहेत. ताहेर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आमचा इमारतीला इरोध न्हाई. बोळात मावंल एवढी बांधा. आन् विहीर बुजवू नका, आमची पोरं त्येच्यावर जगायलेत." अधिकारी सबंध वेळ पेनाचं टोपण उघडबंद करत होते. त्यांनी बोळाच्या रुंदीची नोंद केली नाही, विहिरीची केली नाही. मात्र निम्म्या मालकिणीची संमती नाही हे ऐकल्यावर टोपण थांबलं. ती येईपर्यंत प्रकरण पुढे जाणार नाही म्हणाले. एवढ्या लोकांच्या तहानेचं मोल शून्य आणि माझ्या एका सहीचं एवढं. मला स्वतःचाच राग आला. पण म्हटलं, त्यांच्या व्यवहारात हेच नाणं चालत असेल तर ते मी मुठीत आवळून धरीन.

म्हणून काल आलास ना?

हात धुतल्यावर तू पिशवीतून साडी काढलीस. जांभळी इरकल, मला आवडते तशी. वर्षाराणीची निवड असणार, तुला रंग कळत नाहीत. मी साडी मांडीवर घेतली, पदर उलगडला, आणि घडीतून कागद निघाले. नव्यानं छापलेले, पुन्हा पेन्सिलीच्या फुल्या. लोकरीती अशीच आहे, मला ठाऊक आहे. बहिणीला साडीचोळी करायची आणि हक्कसोड घ्यायची. घरोघरी होतं. बहिणी सही करतात, कारण माहेरचं दार उघडं राहावं. पण बहुतेक भाऊ निदान साडी नेसून होईपर्यंत थांबतात. तुला तेवढाही दम निघाला नाही.

मग तू म्हणालास, "अक्का, अव्वाची काळजी करू नको. तलाव दहा फूट सरकवू, बाजूला छान स्मृतिशिल्प करू, कारंजं बसवू." कारंजं! आणि मग आवाज खाली आणून, मान वळवून म्हणालास, "सही न्हाई केलीस तर मी पुन्हा ह्या दारात यायचो न्हाई. मग बघ, तुझ्या मागं कोन हाय ते."

किती दिवसांनी तुझ्या तोंडातून आपली बोली ऐकली, आणि ती अशी.

मन्मथ, मला बिल्डरची भीती वाटत नाही. त्या गॉगलवाल्याची तर मुळीच नाही. मला भीती होती ती नेमकी याचीच, म्हणून तर एप्रिलपासून पत्रांत बदकांची आणि फेट्यांची टर उडवत बसले. बाई मेली की शेवटची साडी माहेरची लागते. नवऱ्याघरचं कितीही असो, त्या दिवशी भाऊ साडी घेऊन येतो आणि मग बाईला उचलतात. मला मुलं ना बाळं, त्यात हे गेल्यापासून मी या गोष्टीचा विचार करते. हसू नकोस. भाऊ आला नाही तर बायका कुजबुजतात, हिचं माहेर तुटलेलं होतं. कागद समोर घेऊन बसले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ना विहीर होती ना बोळ. तीच साडी होती. पेन हातात घेतलं होतं मी. तू गेल्यावर, एकटी असताना.

हसीना दिंडांचं ताट परत करायला आली आणि दारातच थांबली. पेन पाहिलं, कागद पाहिले. म्हणाली, "आपा, नक्को बोले तो भाई जाता, हाव बोले तो कुवाँ जाता. तुमारा भाई, तुमारा हक. हम लोगां क्या बोलना." मग मी तिला साडीचं सांगितलं. एवढी शिकलेली बाई मी, तिच्यापुढे लहान पोरीसारखी रडले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जराशी रागावूनच म्हणाली, "इत्ती सी बात? साडी मैं लाती ना. रंग बोलके रखो."

तेव्हा मला तुझी कीव आली. माझ्या मरणाची जी धमकी तू राखून ठेवली होतीस, ती एका बाईनं ताट हातात घेऊन दारात उभ्या उभ्या फुंकून टाकली.

तर आता लेखी उत्तर. मी हक्कसोड करणार नाही. उद्या मोजणीचा आणि वाटणीचा अर्ज देते आहे. विहीर, लिंब आणि मागचा कोपरा मी माझ्या हिश्शात मागणार आहे. पुढचं फाटक, रस्त्याकडची बाजू, पत्र्याचे गाळे तू घे, तिथे बोळाला झेपेल एवढं बांध. मला तुझं काही नको आहे. मिळायला वर्षं लागतील म्हणतात. लागू देत. तोपर्यंत तुझे बावीस मजले त्या पुस्तकातच उभे राहतील, गोऱ्या बाईसकट. माझ्यानंतर तो कोपरा बोळाच्या नावे राहील, आणि मला अव्वाच्या शेजारी बसवतील. ते बसवायला पंढरीस्वामी जंगम तयार आहेत, मी विचारून आले. खणायला ताहेर आहे.

साडी याच पाकिटाबरोबर पार्सलनं परत करते आहे. वर्षाराणीला दे, तिला जांभळा शोभतो. शिवांशला मात्र एकदा पाठव, कुणाबरोबरही. त्याच्या पणजीची जागा त्याला दाखवायची आहे. त्यात तुझं काही जात नाही.

कागद फाडलेले नाहीत. कोरे परत पाठवते. तुला माझी सही हवी होती ना? ती इथे करते.

उमादेवी संगप्पा
मालमत्ता पत्रकावरचं दुसरं नाव